साहेबाच्या तोंडी द्यायची वाक्यं

अगं, फॉर्म आला की लगेच लिहायला बसू नकोस. मार्चच्या शेवटी एचआरचा मेल येतो, 'सेल्फ-अप्रेझल शुक्रवारपर्यंत भरा', आणि तुम्ही सगळी पोरं रात्री अकराला लॅपटॉप उघडून आठवत बसता, वर्षभर आपण केलं तरी काय. आठवतं ते फेब्रुवारी-मार्चचं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर आणि अर्धी टीम रजेवर असताना तू एकटीने जे निभावलंस, ते तुझ्याच ध्यानात राहिलं नाही, मग तुझ्या साहेबाच्या कुठून राहणार?

तू गुरुग्रामच्या कंपनीत, जावईबापू केंद्र सरकारच्या सचिवालयात. एका घरात दोन्ही तऱ्हेची अप्रेझलं. माझी सगळी नोकरी सरकारी टेबलावर गेली. आधी स्वतःचे फॉर्म भरले, पुढे हाताखालच्यांचे अहवाल लिहायची वेळ आली, आणि तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: साहेब अहवाल लिहीत नाही, उतरवून घेतो. त्याच्यापुढे दहाबारा जणांचे फॉर्म असतात, मुदतीची शेवटची संध्याकाळ असते आणि घरून दोन फोन येऊन गेलेले असतात. ज्याने नीट लिहून दिलंय त्याची वाक्यं थोडी फिरवून वर जातात. ज्याने 'नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली' एवढंच लिहिलंय, त्याच्या वाट्याला 'कर्तव्यदक्ष व मनमिळाऊ' येतं. मनमिळाऊपणावर कोणाला बढती मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून वर्षभर टिपणं ठेवायची. रोजनिशी नको, ती पंधरा दिवसांत बंद पडते. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी. रॅपिड मेट्रोतून उतरून सिकंदरपूरला यलो लाइन पकडतेस तेव्हा उभं राहायलाही जागा नसते, ठाऊक आहे मला. पण घरी पोचेपर्यंत कुठेतरी बूड टेकतंच. तेवढ्यात फोनवर चार ओळी लिही. काय केलं, कोणी सांगितलं होतं, त्याने काय बदललं आणि ते कोणाच्या नजरेस पडलं. चौथी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत आणि नेमकी तीच पुढे कामाला येते, कारण साहेबाला वर कोणी विचारलं, 'हे आणखी कोणाला माहीत आहे?' तर त्याच्याकडे एक नाव लागतं. कोणी मेलवर शाबासकी दिली तर त्या मेलची तारीख आणि विषय टिपून ठेव. मेल मात्र स्वतःच्या जीमेलवर पाठवू नकोस. ग्राहकांची नावं, आकडे, फाइली बाहेर गेल्या तर चांगलं रेटिंग राहिलं बाजूला, चौकशी मागे लागेल. टिपण आपल्या शब्दांत, आपल्यापुरतं.

आता वाक्य कसं असावं ते बघ. समज, तू पुरवठादारांची बिलं बघतेस. फॉर्मात तू लिहिणार, 'व्हेंडर पेमेंटची प्रक्रिया सुधारण्यात सहभाग घेतला.' सहभाग कोणीही घेतं. चहा आणणाऱ्यानेही घेतलेला असतो. त्याऐवजी लिही: 'एप्रिलमध्ये बिल पास व्हायला 11 दिवस लागत. बरीच बिलं जीएसटी क्रमांकाच्या चुकीमुळे परत जात होती. बिल दाखल होतानाच क्रमांक तपासायची पद्धत मी बसवली. डिसेंबरमध्ये हा काळ 4 दिवसांवर आला. आता नोएडाची टीमही हीच पद्धत वापरते.' आधी काय होतं, तू काय केलंस, नंतर काय झालं, आणि दुसऱ्या कोणी ते उचललं का. अशी तीन कामं लिही, फार तर चार. बावीस मुद्दे लिहिणाऱ्यांचे फॉर्म मी वाचलेत. सातव्या मुद्द्यानंतर डोळा नुसता घसरत जातो आणि बाविसात दडलेलं खरं मोठं काम 'कॅन्टीन समितीचे सदस्य' याच्या खाली निघून जातं.

वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली केआरएची, म्हणजे मुख्य जबाबदाऱ्यांची, यादी काढून शेजारी ठेव. तिच्यातलं काही मधेच रद्द झालं असेल तर ते आपणहून लिही, नाहीतर 'अपूर्ण' म्हणून तुझ्या खात्यावर पडेल. यादीत नसलेलं काम अंगावर आलं असेल तर तेही कोणाच्या सांगण्यावरून आलं ते लिहून मांड.

मधेच सांगते, आपल्या मराठी घरांतून 'आपण बरं, आपलं काम बरं' हे बाळकडू मिळालेलं असतं. दिल्लीत ते पुरत नाही. इथे चहाच्या टपरीवर शेजारचा मुलगा साहेबाला सहज ऐकवून जातो, 'सर, वो वाला मैंने करवाया था,' आणि 'वो वाला' तूच रात्र जागून केलेलं असतं. म्हणून काही आपणही टिमकी वाजवायला नको. ते आपल्याला जमतही नाही आणि शोभतही नाही. हिशोब मात्र चोख मांडायचा. आकडा आणि तारीख सांगितली की स्वतःची स्तुती केल्यासारखं वाटत नाही.

आता जावईबापूंचं. त्यांना वाचून दाखव, किंवा हा कागद डब्याखाली ठेव, ते वाचतील.

सरकारात आता अप्रेझलच्या अहवालाला एपीएआर म्हणतात. आमच्या वेळी एसीआर होता, गोपनीय अहवाल, आणि तो खरोखरच गोपनीय असे. प्रतिकूल शेरा असला तरच कळवायचे. बाकी आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बढती हुकली की अंदाजाने कळायचं. हे बदललं त्यामागे देव दत्त नावाच्या एका इंजिनिअरचा खटला आहे. बॉर्डर रोड्सच्या सेवेत ते कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता व्हायचं तर आधीच्या पाच वर्षांत 'व्हेरी गुड' हवं होतं. त्यांचं 1993-94 या एका वर्षाचं 'गुड' निघालं आणि बढती गेली. 'गुड' म्हणजे काही वाईट शेरा नव्हे, म्हणून कोणी कळवलंही नव्हतं. गुवाहाटी उच्च न्यायालयात ते हरले. सर्वोच्च न्यायालयात 12 मे 2008 ला न्यायमूर्ती सेमा आणि न्यायमूर्ती काटजू यांच्या पीठाने सांगितलं की शेरा चांगला असो की वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तोवर देव दत्त निवृत्त झालेले होते. पुढच्याच वर्षी, 14 मे 2009 ला, कार्मिक विभागाने आदेश काढला. नाव एपीएआर झालं आणि संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायचं ठरलं. 2013 मध्ये सुखदेव सिंग यांच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच पक्कं केलं.

हे मी इतिहास म्हणून सांगत नाही. 'गुड' या शब्दाने माणूस कसा मागे राहतो ते जावईबापूंना कळावं म्हणून सांगतेय. सातव्या वेतन आयोगानंतर दहा, वीस, तीस वर्षांनी मिळणाऱ्या एमएसीपीच्या, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीच्या, लाभालाही 'व्हेरी गुड'ची अट आली. दहापैकी गुण असतात: आठ ते दहा म्हणजे 'आउटस्टँडिंग', सहा ते आठच्या आत 'व्हेरी गुड', चार ते सहाच्या आत 'गुड'. 5.9 पडले तर हळहळायचं नाही, वाद घालायचा. त्या एका दशांशावर पुढच्या काही वर्षांचा पगार टांगलेला असतो. गुणांत कामाला 40 टक्के वजन, वैयक्तिक गुणांना 30 आणि कामातल्या जाणकारीला 30. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण तुम्ही काय केलंत याचे नाहीत, तुम्ही कसे आहात याचे आहेत. वेळेवर येणं, कनिष्ठाला शिकवणं, मसुदा नीट लिहिणं, नियम माहीत असणं. यांचेही दाखले लागतात आणि ते फॉर्मात द्यायला लोक विसरतात.

नऊ किंवा दहा गुण द्यायचे तर अधिकाऱ्याला तशीच खास कामगिरी लेखी दाखवावी लागते. एक-दोन द्यायचे तरीही कारण लिहावं लागतं. त्यामुळे आळशी अधिकारी सात देऊन मोकळा होतो. सातला वेगळं कारण द्यावं लागत नाही. त्याला नऊपर्यंत न्यायचं असेल तर नऊचं कारण त्याच्या हातात तुम्हीच ठेवायचं. एकच परिच्छेद, त्याला जसाच्या तसा उचलता येईल असा, 'मी' हा शब्द शक्य तितका कमी.

तारखा स्वयंपाकघराच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. स्वतःचा भाग 15 एप्रिलपर्यंत. वरच्या अधिकाऱ्याने 30 जूनपर्यंत लिहायचं, त्याच्या वरच्याने 31 जुलैपर्यंत, आणि त्याहून वर कोणी असेल तर त्याने 31 ऑगस्टपर्यंत. सप्टेंबरात अहवाल हातात येतो आणि तिथून पंधरा दिवसांत म्हणणं मांडायचं असतं. कधीकधी मुदत वाढवून मिळते, पण त्या भरवशावर राहू नये. आपला भाग दिलाच नाही तर त्याच्याशिवायही अहवाल लिहिता येतो, आणि 'आठवण करूनही दिला नाही' अशी नोंद राहते ती वेगळीच. आता सगळं स्पॅरो नावाच्या पोर्टलवर ऑनलाइन आहे, म्हणून शेवटच्या रात्री सर्व्हर दमतो. आणि मालमत्तेचं विवरण 31 जानेवारीच्या आत. ते राहिलं म्हणून चांगल्या चांगल्यांची कामं अडलेली मी पाहिली आहेत.

साहेबाच्या बदलीवर लक्ष ठेवायचं, हे तर मी सगळ्यांनाच सांगते. ज्याने निदान तीन महिने तुमचं काम पाहिलंय तोच लिहू शकतो. ऑक्टोबरात साहेब हैदराबादला बदलून गेले आणि तुम्ही एप्रिलपर्यंत थांबलात, तर त्या सहा महिन्यांचं काम त्यांना कसं आठवायचं? निरोपाच्या समोशाआधी त्यांच्याकडून अहवाल लिहून घ्या. निवृत्त होणाऱ्यालाही नंतर लिहायला महिनाभरच मिळतो. तुझ्या कंपनीतही तेच: मॅनेजर सोडून चालला की त्याला सांग, माझ्याबद्दल चार ओळी नव्या मॅनेजरला मेल करा आणि मला सीसीत ठेवा. जाताना माणसं उदार असतात.

फॉर्मात 'कामात काय अडथळे आले' असा रकाना असतो. त्यात रडगाणं नको आणि कोणाचं नाव तर मुळीच नको, कारण ज्याचं नाव लिहाल त्याचा मित्र वर बसलेला असू शकतो. 'लेखा शाखेचे सहकार्य मिळाले नाही' असं न लिहिता 'माहिती 12 जुलैला मागितली, 30 ऑगस्टला मिळाली. तोवर जुन्या आकड्यांवर मसुदा तयार ठेवल्यामुळे अंतिम टिपण आठवड्यात सादर झाले' असं लिहायचं. वाचणाऱ्याला दोष कोणाचा ते कळतं, आणि हात आपले स्वच्छ राहतात.

गुण कमी आले आणि म्हणणं मांडायचं झालं तर रागाच्या भरात टाइप करायला बसू नये. 'पक्षपात', 'अन्याय', 'मानसिक छळ' असे शब्द काढून टाकल्यावर अर्जात काय उरतं ते पाहायचं. जे उरतं तेच पाठवायचं: कुठल्या निकषात किती गुण, त्या निकषाखाली वर्षात केलेली दोन कामं, फाइलींचे क्रमांक, आणि मागणी एकच. माझ्या ओळखीत एका मुलीने वर्षभर एकही लेखी सूचना किंवा मेमो मिळालेला नसताना गुण का घसरले, एवढाच प्रश्न अर्ध्या पानात विचारला होता. तिचे गुण वाढले. त्याच वर्षी दुसऱ्या एकाने चौदा पानं लिहिली होती.

तुझ्याकडे, खासगीत, दाद मागायला असं दार नाही, म्हणून तुला आधीच हालचाल करायला हवी. तुमच्या कंपन्यांत ठरलेल्या टक्क्यांत माणसांची प्रतवारी करतात ना, त्या बेल कर्व्हचं गुरुग्रामशी जुनं नातं आहे. डीएलएफच्या के. पी. सिंगांच्या आमंत्रणावरून जीईचे जॅक वेल्च 1989 मध्ये भारतात आले, आणि 1997 मध्ये जीईने गुरुग्राममध्ये कचेरी थाटली. तिचंच पुढे जेनपॅक्ट झालं. हेच वेल्च वरचे 20, मधले 70 आणि तळातले 10 अशी माणसांची वाटणी करण्याबद्दल जगभर गाजले, तळातल्यांना निरोप. पुढे लोक त्याला कंटाळले. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने तशी पद्धत मोडीत काढली, नंतर खुद्द जीईनेही रेटिंग सोडलं. पण नाव गेलं तरी पगारवाढीचा पैसा ठरलेलाच असतो. तो वाटायचा म्हणजे कोणाला जास्त आणि कोणाला कमी देणं आलंच, आणि ते तुझ्या मीटिंगच्या आधी ठरतं.

कुठे? एका बंद खोलीत, जिथे चारपाच मॅनेजर आपापल्या टीमची नावं एका एक्सेल शीटवर घेऊन बसतात. तू तिथे नसतेस. तुझ्या नावावर चर्चा होते ती मिनिट-दोन मिनिटं. तुझा मॅनेजर तिथे स्थळ घेऊन गेलेल्या मध्यस्थासारखा असतो. मुलगी चांगली आहे एवढं म्हणून भागत नाही, समोरचा विचारतो त्याचं उत्तर त्याच्या खिशात लागतं. ते उत्तर तू पुरवायचंस, आणि एप्रिलमध्ये नाही. तुमच्याकडे वर्ष मार्चला संपत असेल तर डिसेंबर-जानेवारीत. कॅलेंडर वर्ष असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात.

मॅनेजरकडे अर्धा तास माग आणि सरळ विचार: 'वरच्या मीटिंगमध्ये माझी बाजू मांडताना तुम्हाला काय कमी पडेल?' हा प्रश्न मी बऱ्याच पोरींना दिला आहे. 'माझं काम कसं चाललंय?' असं विचारलं की 'गुड, गुड, कीप इट अप' मिळतं आणि विषय संपतो. पण काय कमी पडेल म्हटलं की त्याला विचार करावा लागतो. मग तो सांगतो: 'तुझं नाव आमच्या टीमबाहेर कोणाला माहीत नाही,' किंवा 'गेल्या वर्षीचं ते एस्केलेशन अजून लोकांच्या डोक्यात आहे.' आता तुझ्या हातात तीन महिने आहेत. बाहेरच्या टीमसमोर एखादं सादरीकरण मागून घे. एस्केलेशनवर काय दुरुस्ती केलीस ते एका पानात लिहून दे. आणि त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल: 'आज आपण बोललो त्यात हे दोन मुद्दे आले, मी असं असं करतेय.' पुढे त्याने शब्द फिरवला तरी कागद राहतो.

प्रत्यक्ष मीटिंगच्या दिवशी बोलायचं कमी. वही ने, पेन ने, ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरव. लिहिणाऱ्या माणसासमोर बोलताना समोरचा आपोआप जपून बोलतो. टोचणारं काही म्हणाले, 'तुझ्यात ओनरशिप कमी आहे' वगैरे, तर तिथेच भांडू नकोस, रडूही नकोस. रडू आलंच तर पाणी प्यायला उठ. शांतपणे म्हण, 'एखादा प्रसंग सांगाल का?' प्रसंग सांगितला तर तो खरा असू शकतो, लिहून घे. नाही सांगता आला तर तो शेरा ढिला आहे हे दोघांनाही कळतं.

घराचा हप्ता, मुलाची शाळेची फी, सासूबाईंचं ऑपरेशन, यातलं काही काढू नकोस. पैसे कामाचे मागायचे, गरजेचे नाही. शेजारच्या टेबलावरच्याला किती मिळाले हेही नको. ते तुला कळलंच कसं, हा पहिला प्रश्न येईल. आणि मागच्या वर्षी तू बाळंतपणाच्या रजेवर होतीस, त्याबद्दल माफीच्या सुरात एक अक्षरही नको. कायद्याने 26 आठवडे दिलेत, 2017 पासून. जितके महिने टेबलावर होतीस तितक्या महिन्यांचं काम लिही, आणि उद्दिष्टं पूर्ण वर्षाची धरली असतील तर ती त्या प्रमाणात कमी करून घे, लेखी. हे आपण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

'परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन' असे तीन शब्द पुढे आले तर लगेच सही करू नकोस. 'वाचून उद्या देते' म्हण. त्यात काय मोजणार, कधीपर्यंत आणि कोण मोजणार हे लिहिलंय का ते बघ. नसेल तर मेलवर विचार. आणि त्याच आठवड्यात बायोडेटा अद्ययावत कर, उगाच आशेवर राहू नकोस.

शेवटी पत्र येईल. टक्का वाचून नाचायचं किंवा नाराज व्हायचं नाही, खाली बघायचं. वाढ सीटीसीत आहे की हातात पडणाऱ्या पगारात? व्हेरिएबल वाढवून ठरलेला पगार तसाच ठेवलाय का? बढती असेल तर नवं पद पत्रात छापलंय की नुसतं तोंडी सांगितलंय? आणि वाढ 1 एप्रिलपासून आहे की 1 जुलैपासून? एप्रिलपासून असेल आणि पत्र जूनमध्ये मिळालं असेल, तर मागच्या महिन्यांचा फरक पुढच्या पगारात आलाय का ते स्लिपवर ताडून पाहा. नसेल आला तर पेरोलला मेल टाक. साहेबाकडे नको जाऊस, त्याने आधीच तुझ्यासाठी एकदा तोंड उघडलंय.